इस्त्रीचा शेक

इमामसाब टेलरचा डावा पाय दिवाळीपासून गार पडायला लागला होता. नवी पेठेतल्या दुकानातून चहाच्या गाड्यापर्यंत जायचं तर पोटरी भरून यायची आणि वाटेत दोनदा थांबावं लागायचं. डॉक्टरचं नाव काढलं की हा गडी मशीन जोरात चालवायचा, म्हणजे पुढचं ऐकूच येऊ नये. शेवटी त्याच्या बायकोनं, माजिदानं, घरचाच इलाज काढला. टेलरच्या घरात इस्त्रीला काय तोटा! रोज संध्याकाळी ती सुटाच्या उरलेल्या कापडाची जाड घडी इस्त्रीनं तापवायची आणि त्याच्या पावलावर दाबून धरायची.

"भाजलं तर सांगा."

"काय बी कळत न्हाय. अजून तापव की."

सोसतोय म्हणजे गुण येतोय, असं तिला वाटलं. मग पावलावर मोठा फोड आला, तो फुटला आणि बघता बघता अंगठा काळा पडला. तेव्हा कुठे इमामसाब रिक्षात बसला.

दवाखान्यात डॉ. पद्मजांनी सीटी स्कॅनचं चित्र पडद्यावर दाखवलं. मांडीतून खाली येणारी पांढरी रक्तवाहिनी गुडघ्याच्या वर तुटल्यासारखी संपत होती.

"इथून खाली रक्तच पोचत नाही. म्हणून पाऊल गार आणि बधिर. जांघेतून बारीक नळी घालू, आत फुगा फुगवून रस्ता उघडायचा प्रयत्न करू. नाही उघडला, तर पाय काढावा लागेल. आणि ही भाजल्याची जखम कशाची?"

"माजाच पाय लागला इस्त्रीला," इमामसाब घाईनं म्हणाला.

माजिदाला गप्प बसता आलं असतं. "न्हाय मॅडम," ती म्हणाली, "मी शेकलं. रोज शेकलं."

"बधिर पायाला चटका कळत नाही. पुन्हा शेकू नका," एवढंच डॉक्टर म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर माजिदाला बरं वाटलं असतं.

इमामसाबला आत नेलं. माजिदा बाहेर लोखंडी बाकावर एसीच्या गारठ्यात बसून राहिली. करायला गेले काय आणि झालं काय, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. पाय गेला तर तो आपल्या हातानं गेला, असं तिला पक्कं वाटत होतं. बाकाची लोखंडी कड तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

डॉ. पद्मजा बाहेर आल्या. "रस्ता उघडलाय," त्या म्हणाल्या. "अंगठा बहुतेक जाईल. पाय वाचेल असं दिसतंय."

आत इमामसाब उताणा पडून होता. पाय हलवायचा नाही अशी त्याला ताकीद होती. त्या पायाला हात लावायची माजिदाची हिंमत होईना. शेवटी जखम टाळून, घोट्यापाशी तिनं अलगद तळवा टेकवला.

"अगं हात काढ की!" इमामसाब ओरडला. "बर्फावानी गार हाय!"

माजिदाला रडू फुटलं. हात मात्र तिनं काढला नाही.