मजकूर फोटोच्या पोटात

माझी आत्या वर्तमानपत्रात फोटोग्राफर होती. निवृत्तीनंतर तिच्या नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की डाग वाढेल. कडेकडेचं थोडं दिसत राहील, पण चेहरे आणि अक्षरं जातील. घरी येऊन तिने मला फोन केला.

"कॉम्प्युटरवरच्या फोटोंची नीट नोंद करायचीय. दिसतंय तोवर. सॉफ्टवेअर तू शोध."

मी पहिलं नेलं ते झकपक होतं, चेहरे आपोआप ओळखायचं. त्याने आत्या आणि माझे बाबा एकच माणूस आहेत असं ठरवलं.

"नाक एकच आहे, त्याचा काय दोष," आत्या हसली. मग एका फोटोखाली चार ओळी लिहून म्हणाली, "आता हे काढून टाक."

"काय काढू?"

"अख्खं सॉफ्टवेअर."

काढलं. तोच फोटो दुसरीकडे उघडला, तर खाली एक अक्षर नाही.

"उद्या त्यांनी दुकान गुंडाळलं तर मी कुणाच्या दारात जाऊ? मजकूर फोटोच्या पोटातच राहायला हवा."

मला हे सुचलंच नसतं. शेवटी तिने जे निवडलं ते दिसायला अगदी ओबडधोबड होतं. पण लिहिलेलं फोटोच्या फाइलमध्येच साठवायचं, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज त्याची सगळी बटणं नीट बोलून दाखवायचा. आत्याने डोळे मिटून ते चालवून बघितलं.

शोधायचे शब्द तिने मोजकेच ठरवले. मी कुठे 'नाव' आणि कुठे 'होडी' लिहिलं, तेव्हा म्हणाली, "अगं, अशाने मी जन्मभर निम्म्याच होड्या शोधत बसेन."

सुरुवात तिने माणसांच्या फोटोंपासून केली. "इमारती कशा दिसतात ते मला कुणीही सांगेल. चेहरे माझे मलाच बघायला हवेत." प्रत्येक फोटोखाली ऊन कुठून येतंय, कोण हसू दाबतंय, हेही ती लिहायची. रोज मान थोडी अधिक वाकडी करून, डागाच्या कडेने बघत. कुरकूर नाही की घाई नाही. माणसं संपली आणि इमारती उरल्या, तेव्हा अक्षरं गेली. पुढचं मी बघून सांगितलं, तिने टाइप केलं.

त्यानंतर एक नर्स तिच्याकडे आली. नर्सची आई आता बंद पडलेल्या सूतगिरणीत कामाला होती, आणि आत्याने तेव्हा तिथे फोटो काढले होते. ओळखपत्रावरचा सोडला तर घरात आईचा एकही फोटो नव्हता. कामावर ती डोक्याला पिवळा रुमाल बांधायची, एवढं नर्सने सांगितलं. आत्याने कानाला हेडफोन लावला, 'सूतगिरणी', 'बायका', 'सुट्टी' टाइप केलं आणि एकेका फोटोचं वर्णन ऐकत गेली. मग थांबली.

"डोक्याला पिवळा रुमाल, दाराला टेकून बसलेली, मान मागे टाकून हसतेय. ही का बघ."

नर्सने पडद्याकडे पाहिलं.

"हीच," ती म्हणाली. "घरीही अशीच बसायची. एक चप्पल काढून."

"चप्पल माझ्या नजरेतून सुटली," आत्या म्हणाली आणि कीबोर्ड पुढे ओढला. "कुठल्या पायातली?"

"डाव्या."

आत्याने ते लिहून घेतलं.