अमेरिका बिनविरोध

सुप्रभाताईंनी दोन्ही अमेरिकनांमध्ये साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवली आणि चमचा मुद्दाम एकच दिला. ही शशिकांतरावांची पद्धत. चमचा एकच असला की माणसांना एकमेकांशी बोलावंच लागतं. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी मंडळाच्या हॉलबाहेर टीव्हीवाल्यांच्या गाड्यांची रीघ लागली होती. आत जगातला सर्वांत ताकदवान माणूस ठरायचा होता, आणि संध्याकाळी हॉल कराटे क्लासला द्यायचा होता.

सन दोन हजारच्या त्या डिसेंबरात अमेरिकेत दोन्ही उमेदवारांची बरोबरी झाली होती. परत मोजलं, तरी बरोबरीच. कोर्टानं हात वर केले: आपसांत मिटवा, तेही त्रयस्थ देशात. ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला असलेल्या सुलक्षणानं साहेबाला सहज सांगितलं, की आमच्या मंडळात कधी मतदानाची वेळच येत नाही. अध्यक्ष शशिकांतराव दर वेळी बिनविरोध निवडून येतात. साहेबानं दोन्ही उमेदवारांची माणसं थेट इथेच धाडली.

कसे येतात, ते सुप्रभाताईंइतकं कुणाला ठाऊक? दर वेळी अर्ज मागे घेणाऱ्या त्याच होत्या. "ताई, यंदा थांबा, पुढच्या वेळी तुम्हीच," हे ऐकता ऐकता त्यांचे केस पिकले. यंदाही त्यांनी अर्ज भरला होता, आणि सकाळीच शशिकांतराव "जरा बोलायचंय" म्हणाले होते.

"सोपं आहे," शशिकांतराव पाहुण्यांना म्हणाले. "पहिली दोन वर्षं यांचे साहेब, नंतरची दोन तुमचे. विषय संपला. दही घ्या."

लाल टायवाले वकील खूश झाले. पहिली पाळी त्यांच्या साहेबांची होती. करड्या कोटातल्या बाईंनी चमचा खाली ठेवला.

"आणि दोन वर्षांनी यांचे साहेब खुर्चीवरून उठलेच नाहीत तर?"

"शब्द म्हणजे शब्द. आमच्याकडे असंच चालतं. विचारा ताईंना."

बाई ताईंकडे वळल्या. "तुमच्याकडे पुढची वेळ खरंच येते?"

ताईंनी शशिकांतरावांकडे पाहिलं. ते खिचडीतले दाणे निरखत होते. नाही म्हणावं तर अमेरिका लटकते. हो म्हणावं तर जीभ रेटत नव्हती.

"येते," त्या म्हणाल्या. "राजीनामा आधी लिहून घेतला, तर."

"आधी म्हणजे?"

"खुर्चीत बसण्याआधी. आमच्या गावी नगराध्यक्ष असेच बसायचे. सही आजची, तारीख पुढची."

करड्या कोटातल्या बाई पहिल्यांदाच हसल्या. वकील फोन घेऊन बाहेर गेले, बऱ्याच वेळानं आले आणि होकाराची मान हलवली. मजकूर इथे लिहायचा, साहेब फॅक्सवर सही करतील.

ताईंनी कपाटातून मंडळाचे दोन कोरे कागद काढले. एक वकिलांना दिला.

"दुसरा कशाला?" शशिकांतरावांनी विचारलं.

ताईंनी तो त्यांच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. खिडकीबाहेरचे कॅमेरे आत रोखलेले होते. शशिकांतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तारीख कुठली टाकू?"

"आजचीच," ताई म्हणाल्या. "दही घ्या."