लाल खूण

आठवीच्या वर्गात भानुबेननी वह्या तपासणं सोडून वर्ष झालं होतं. गणितं फोनवर यायची; मुलांनी ती घरी सोडवायची, त्यांचा फोटो फोनवरून पाठवायचा. तालुक्याहून शाळेला शाबासकी यायची. त्या सोमवारी त्यांनी फोन उघडला, तर विजूच्या नावापुढे सलग सातव्या दिवशी लाल खूण: गणितं आलीच नाहीत.

"विजू, उभी राहा. घरी झोपा काढतेस का गं?"

तेरा वर्षांची विजू मान खाली घालून उभी राहिली. मुलगे फिदीफिदी हसले. मंगळवारी ती आली नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर भानुबेन तिच्या घरी गेल्या.

ओसरीवर तिचा बाप कालाजी बाजरीचा रोटला आणि ताक घेऊन बसला होता. "या बेन, बरं झालं आलात. पोरीचा दाखला द्या. अखात्रीजच्या मुहूर्तावर लग्न काढलंय."

"तेराव्या वर्षी? अहो कालाभाई, वर्गात सगळ्यांत हुशार आहे ती!"

"हुशार?" कालाजीने फोन पुढे केला. शाळेचा निरोप होता: मुलगी अभ्यास करत नाही, लक्ष द्यावे. "तुम्हीच लिहिलंत ना? दिलं मी लक्ष."

निरोप आपोआप गेला होता; पण खाली नाव भानुबेनचंच होतं.

"अहो, अभ्यास फोनवरूनच पाठवायचा असतो. तिला फोन देत नाही का?"

"लग्नाआधी पोरीच्या हातात फोन? पंचांनी गेल्याच पंधरवड्यात न्यातीत, सगळ्या जातीत, बंदी घातलीय. उद्या आमच्या घरचं पाणी कोण पिईल?"

चुलीपाशी बसलेली गोमतीबेन, विजूची आई, उठली. पिठाच्या डब्यामागून तिने एक वही काढून भानुबेनच्या हाती दिली. सातही दिवसांची गणितं, वर्गातल्या मुलग्यांकडून उतरवून घेऊन स्वतः सोडवलेली. एकही चूक नव्हती.

"पोरीला एकदा विचारायचं तरी होतंत, बेन."

भानुबेननी बालविवाहाची तक्रार केली. लग्न थांबलं. पण चिडलेल्या कालाजीने विजूला दूर मामाकडे गुरं राखायला धाडलं.

शाळा सोडल्याची नोंद करताना फोनने तीनच कारणं पुढे केली: आजारपण, स्थलांतर, अनास्था.

"अनास्था टाका आणि मोकळ्या व्हा," हेडमास्तर म्हणाले.

"नाही टाकणार, साहेब." भानुबेननी कोरा कागद ओढला. 'मुलीला घरात फोनबंदी होती. शाळेने फोनशिवाय अभ्यास स्वीकारला नाही. तिला न विचारता आळशी ठरवणारी शिक्षिका मी.' खाली सही केली.

"हे वर पाठवलं तर तुमच्यावरच शेकेल, बेन!"

"शेकू दे. उद्या माझी रजा मांडा. तिच्या मामाच्या गावची बस सकाळी सातला सुटते."