दोरीला सरळ, डोळ्याला वाकडं

“हे चित्र ज्यानं काढलं, त्याचेही डोळे गेलेले दिसतात,” मिस्त्री म्हणाले, आणि सुनेने कपाळाला हात लावला.

भिंतभर चित्र, आणि त्यात काय, तर काळे-पांढरे चौकोन. प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा जराशी सरकवलेली, मधे राखाडी रेघा. त्या मात्र एकजात वाकड्या. एक डावीकडे उतरलेली, पुढची उजवीकडे.

मिस्त्रींनी डोळे चोळले. दोन महिन्यांपूर्वी एका न्हाणीघरात त्यांनी अगदी अशीच भिंत लावली होती. चाळीस वर्षं फरशा बसवलेला माणूस. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध होता, पण सांधे तिरके दिसत होते. मिस्त्रींनी पाणसळीलाच वेड्यात काढलं आणि सगळी भिंत उखडली. पुन्हा लावली, पुन्हा तिरकी. मग आपले डोळेच गेले असं समजून हत्यारं पेटीत घालून कुलूप लावलं. घरी सांगितलं, कंबर दुखते. या चित्रसंग्रहालयात तिकिटं देणाऱ्या सुनेला तेवढं खरं कारण कळलं होतं.

“वाकड्या दिसतात ना, बाबा? इथं येणारा प्रत्येक जण हीच तक्रार करतो. मलाही वाकड्याच दिसतात. दोरी आहे का खिशात?”

दोरी असायचीच. दोघांनी ती चित्रापासून वीतभर लांब ताणून धरली. मिस्त्रींनी एक डोळा मिटला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीमागे लपली. दुसरीही लपली. दोरी खाली घेतली, तर रेघा पुन्हा वाकड्या.

“म्हणजे सगळ्यांनाच...”

“सगळ्यांनाच. हे चौकोनच लबाड आहेत. तुमचे डोळे ठणठणीत आहेत, म्हणून तर फसले.”

मिस्त्री इतके हसले, की पहारेकरी आत डोकावला. त्या बिचाऱ्या भिंतीची त्यांना आता दया आली. दोनदा सरळ उभी राहिली, आणि दोनदा शिव्या खाल्ल्या.

बाहेर पडताना ते दारातच थबकले. “ही फरशी बघ. उजवा कोपरा केसभर खाली गेलाय.”

सुनेने वाकून पाहिलं. तिला काही दिसेना. तिने पर्समधून लेकाची गोटी काढून फरशीवर ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग सावकाश उजव्या कोपऱ्याकडे निघाली.

मिस्त्री गोटीकडे बघतच राहिले. त्यांना फार आनंद झाला होता.

“पेटीची किल्ली कुठं ठेवली गं मी?”

सुनेने पुन्हा पर्समध्ये हात घातला आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.