गरम पुंगळी

ज्या माणसाच्या हातून आपला नवरा गेला, त्याच माणसाकडून पिस्तूल चालवायला शिकायचं, असा योग फार थोड्या बायकांच्या नशिबी येत असेल. तिच्या नशिबी आला. पुढे नोकरीत तिने बऱ्याच गोळ्या झाडल्या, सगळ्या कागदी पुतळ्यांवर, आणि त्यातली एकही तिला आता धड आठवत नाही. पहिल्या दिवसाच्या मात्र सगळ्या आठवतात.

नवरा एका सुरक्षा कंपनीत पहारेकरी होता. बँकांच्या दारात, गोदामांच्या फाटकाशी कमरेला पिस्तूल लावून उभं राहायचं आणि वर्षातून एकदा कंपनीच्या मैदानावर जाऊन नेमबाजीचा सराव करायचा. अशाच एका सरावाला त्याचा जिवलग दोस्त पुढे गोळ्या झाडत होता आणि हा आपली पाळी यायची म्हणून मागे उभा होता. दोस्त मध्येच गर्रकन मागे वळला आणि गोळी सुटून याला लागली. गोळी झाडली की काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पिस्तुलातून उडून बाहेर पडते, आणि ती चांगलीच तापलेली असते. चौकशीत दोस्ताने एकच वाक्य सांगितलं, ज्याने विचारलं त्याला तेच. "गळ्यात गरम पुंगळी पडली, मी कधी वळलो मला कळलं नाही." चौकशी करणाऱ्यांना ते पटलं आणि अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

तिला पटलं नाही. सासूबाईंना तर नाहीच नाही. बोटाच्या पेराएवढं पितळ अंगावर पडलं म्हणून धडधाकट माणूस भरलेलं पिस्तूल घेऊन मागे वळतो होय? स्वयंपाकघरात रोज तेलाचे थेंब उडतात हातावर, म्हणून कोणी कढई उचलून शेजारच्याच्या डोक्यात घालत नाही. हे सासूबाईंचं म्हणणं. त्यातून नवरा मरायच्या आठवडाभर आधी दोघा दोस्तांचं बिनसलं होतं. कशावरून, ते नवऱ्याने घरी सांगितलं नव्हतं. "झाली जरा बाचाबाची," एवढंच म्हणून तो जेवायला बसला होता. मग काय, घरात सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. तीन वर्षं त्या घराने हा राग असा काही जपला की दुःखाला बसायला जागाच उरली नाही. ती नवऱ्यासाठी एकदाही पोटभर रडली नव्हती. राग उभा असला की रडू येत नाही.

कंपनीने नवऱ्याच्या जागी तिला नोकरी देऊ केली, पण पहाऱ्यावर उभं राहायचं तर आधी नेमबाजीची परीक्षा पास व्हायची. शिकवणारा वस्ताद एकच, आणि तो म्हणजे तोच दोस्त. अपघातानंतर त्याने पहारा सोडून मैदानावरचं हे काम मागून घेतलं होतं. याचाही अर्थ घरात लावून झाला होता. "निर्लज्जं सदा सुखी," सासूबाई म्हणाल्या होत्या. कंपनीच्या साहेबांनी तिला आपणहून विचारलं, बाहेरून दुसरा वस्ताद बोलावू का. ती नको म्हणाली. तिला त्याला जवळून बघायचं होतं. खोटं बोलणारा माणूस जवळून ओळखू येतो, अशी तिची समजूत होती.

त्या सकाळी ती निघाली तेव्हा दीर दारात आडवा आला. हा दीर तोंडाने वाघ मारणाऱ्यांतला, स्वतःच्या हाताने झुरळही मारायचा नाही.

"वहिनी, एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "पुंगळी काय, कोणाच्याही गळ्यात पडू शकते. तुमच्याही. कंपनीने एकदा मान्य केलंय, दुसऱ्यांदा नाही कसं म्हणतील?"

"काय बोलताय भाऊजी, कळतंय का?"

"मला कळतंय. तुम्हालाही कळलंय."

सासूबाई आत भाजी चिरत होत्या. त्यांनी ऐकलं होतं, कारण सुरीचा आवाज थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला. त्या एका शब्दाने "नको" म्हणाल्या असत्या तर तिचे पाय हलके झाले असते. ती तशीच निघाली.

मैदान म्हणजे तीन बाजूंनी मातीचे उंच बांध आणि चौथ्या बाजूला पत्र्याची लांब शेड. शेडीत पत्र्याचेच आडोसे घालून खण पाडलेले, दर खणात छातीच्या खाली येईल असं लाकडी टेबल. समोर बांधाला टेकून कागदावर छापलेले काळे माणूस उभे. खाली सिमेंटवर जुन्या पुंगळ्यांचा सडा पडलेला, पाय टाकला की घरंगळायच्या. तिच्याबरोबर आणखी चार नवखे होते. साहेब मागे बाकावर चहाचा कप घेऊन बसले होते. हिच्यासाठीच ते आज आले असावेत.

वस्तादाचे केस पार पांढरे झाले होते. पूर्वी हा माणूस दर रविवारी घरी यायचा आणि "वहिनी, अर्धा कप अजून" म्हणून चहाची वसुली केल्याशिवाय उठायचा नाही. आज त्याने सगळ्यांकडे बघितलं, तिच्याकडे सोडून. चोराच्या मनात चांदणं, तिने मनात म्हटलं.

"एकच नियम," तो म्हणाला. "पिस्तूल हातात आहे तोवर तोंड समोर. मागून हाक आली, पाय घसरला, अंगाला आग लागली, तरी तोंड समोर. आधी पिस्तूल टेबलावर, मग काय नाचायचं ते नाचा."

नवख्यांतला एक फिसकन हसला. वस्ताद हसला नाही. "गळ्याची बटणं लावा," तो म्हणाला. चौघांनी मुकाट्याने लावली. तिने लावलं नाही.

"बाई, बटण."

"गळा आवळतो," ती म्हणाली.

दुसरं कोणी असतं तर त्याने फाडून खाल्लं असतं. तिला हुकूम सोडायची त्याची छाती होईना. ती मनातून खूश झाली, खोटं कशाला बोला. तो म्हणतो म्हणून आपण एक बटणसुद्धा लावणार नाही, या हट्टात तिला तीन वर्षांचा सूड दिसत होता.

तिची पाळी आली. त्याने तिच्या हातात पिस्तूल दिलं आणि तो तिच्या मागे, उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला, अगदी हाताच्या अंतरावर. पिस्तूल बघताना वाटलं होतं त्याहून जड होतं, आणि गार. कानांवर आवाज अडवणारे जाड कप चढवलेले, त्यामुळे स्वतःचा श्वास डोक्यात घुमत होता. तिने समोरच्या काळ्या माणसावर नेम धरला. नेम कसला, पिस्तुलाचं टोक हौदात सोडलेल्या माशासारखं कुठेही फिरत होतं.

पहिली गोळी सुटली तेव्हा मनगटापासून खांद्यापर्यंत हिसका बसला आणि दातांवर दात आपटले. समोर बांधाची माती उडाली. कागदी माणूस जसाच्या तसा.

"श्वास सोडा," मागून तो मोठ्याने म्हणाला. "चाप ओढू नका, दाबा."

रविवारी चहा मागणारा आवाज तोच होता. दुसरी गोळी कागदाच्या कोपऱ्यातून गेली. तिसरी झाडण्याआधी तिला दिराचं बोलणं आठवलं, आणि एकदा आठवल्यावर ते डोक्यातून हलेना. तो हातभर मागे होता. हातात पिस्तूल भरलेलं होतं. एक पाय फिरवायचा, बास. चौकशीत सांगायचं वाक्यही आयतं तयार होतं, त्यानेच करून ठेवलेलं. करायचं असं तिने काही ठरवलं नव्हतं. करायचं नाही असंही ठरवलं नव्हतं. तिसरी गोळी कुठे गेली ते तिने पाहिलंच नाही.

मग चौथी. पुंगळी उडाली, उजवीकडच्या पत्र्यावर टणकन आपटली आणि उघड्या गळ्यातून आत गेली.

त्यानंतरचं तिने केलं असं म्हणता येत नाही. ते झालं. छातीवर कोणीतरी निखारा दाबून धरला आणि सगळं अंग त्यापासून पळालं. खांदे फिरले, पाय फिरले, आणि हाताबरोबर पिस्तूलही फिरलं. बोट चापावरच होतं, ते आवळलं गेलं. ठो आवाज झाला. तिने डोळे उघडले तेव्हा वस्तादाने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरून वर रेटलेलं होतं, आणि शेडीच्या पत्र्याला पडलेल्या नव्या भोकातून ऊन खाली येत होतं.

त्याने पिस्तूल सोडवून टेबलावर ठेवलं. ती कुडता झटकत होती, ओरबाडत होती. पुंगळी कपड्यातून घरंगळून खाली पडली आणि तिथल्या शेकडो पुंगळ्यांत मिसळून गेली. आता ती कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

साहेब धावत आले. चौघे नवखे पत्र्याच्या आडोशाला चिकटले होते. ती कोण, तो कोण, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, हे काय केलंत?"

"गळ्यात गरम पुंगळी पडली," ती म्हणाली. "मी कधी वळले मला कळलं नाही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. वाक्य शब्दन् शब्द त्याचं होतं. आणि साहेबांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तिने तीन वर्षं रोज आपल्या घरात पाहिलं होतं.

"बटण का नव्हतं लावलं?" साहेबांनी विचारलं.

याला ती काय सांगणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खरं सांगावं तर ते खोट्यापेक्षा वाईट दिसत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, हेही म्हणायची सोय नव्हती, कारण या सगळ्या शेडीत तसं जळलेला माणूस एकच होता आणि तो खाली सिमेंटवर बसला होता.

साहेब त्याच्याकडे वळले. "तू सांग. मुद्दाम केलं का हिने? पोलिसांना बोलवायचं तर आत्ता बोलावतो. तू म्हणशील ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान डोलावली असती तरी ती आज रात्री घरी गेली नसती. आणि त्याला दोष कोण देणार होतं? तिने तरी त्याचं कधी ऐकून घेतलं होतं का?

"पुंगळी पडली, साहेब," तो म्हणाला.

"तू बघितलीस?"

"तिला वळताना बघितलं. मुद्दाम वळणारा आधी डोळे वळवतो. ही डोळे मिटून वळली." तो थांबला. "बटण मी लावून घ्यायला हवं होतं. ती चूक माझी."

साहेबांनी एक मोठा श्वास सोडला. "नशीब, तू ही मागे उभं राहायची पद्धत काढलीस," ते म्हणाले. "आधी झाडणाऱ्याच्या इतक्या जवळ कोणी उभं राहत नसे." आणि ते कप शोधत बाकाकडे गेले.

तेव्हा ती रडली. टेबलाला धरून, नाक वाहेपर्यंत, चार परक्या माणसांसमोर रडली. नवऱ्यासाठी रडली, कारण आता राग धरायला कोणी शिल्लक नव्हतं आणि तो नुसताच मेला होता.

वस्तादाने नळाचं पाणी रुमालावर घेऊन आणलं. "वहिनी, हे दाबून धरा."

तिने धरलं. "तुमचं त्यांच्याशी भांडण कशावरून झालं होतं?" तिने विचारलं.

"छत्रीवरून," तो म्हणाला. "माझी छत्री तो बसमध्ये विसरला. मी चार लोकांत बोललो त्याला."

"मग हे सांगायला आला का नाहीत?"

"दोनदा आलो होतो. आईंनी दार लावून घेतलं."

ती घरी पोचली तेव्हा दीर दारातच होता. कुडत्याच्या गळ्यातून दिसणारा भाजल्याचा डाग बघून त्याचे डोळे चमकले. "पडली का पुंगळी?"

"पडली. खरीच पडली," ती म्हणाली.

"हो हो, खरीच," दीर डोळा मिचकावून म्हणाला, आणि त्याला काही समजावून सांगण्यात अर्थ नाही हे तिला कळलं.

सासूबाईंनी तिला आत नेलं, दार लोटलं आणि मलमाची नळी काढली. भाजलेल्या जागी फोड आला होता, पुंगळीच्याच आकाराचा. सासूबाईंनी तो वाकून जवळून बघितला.

"इतकं भाजतं?"

"भाजण्याचं काही नाही, आई. अंग आपलं ऐकत नाही. मी वळले. त्याच्यासारखीच वळले."

सासूबाईंनी नळीचं टोपण काढलं. "मग तुझ्या हातून का नाही कोणी मेलं?"

"वस्तादांनी माझा हात धरला."

"आणि त्याचा?"

"त्यांचा हात धरायला त्या दिवशी कोणी नव्हतं. हातभर मागे माणूस उभा करायची पद्धत नव्हती तेव्हा. ती त्यांनी नंतर काढली, आणि आता रोज स्वतः उभे राहतात."

सासूबाईंनी मलम लावायला घेतलं. बोट हलकं ठेवायचा प्रयत्न होता, तरी तिला झोंबत होतं. बाहेर दीर कोणाला तरी फोनवर मोठमोठ्याने काही सांगत होता. फोडाच्या कडेशी बोट थांबलं.

"त्याची आई आहे ना गं अजून?" सासूबाईंनी विचारलं. "तिचा तरी विश्वास बसला असेल का त्याच्यावर?"