घर गळतंय

दातुक कॉफीच्या दुकानात बसले होते. बुस्तामाम त्यांच्यासमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता.

"तळ्याकाठचं शेत गहाण टाकायचंय," तो म्हणाला. "रोस्नियारला पाडांगच्या इस्पितळात न्यायला हवं. डॉक्टर म्हणाला, पोटातली गाठ काढली नाही तर बाई हाती लागायची नाही."

दातुक म्हणजे बुस्तामामच्या बायकोचे, रोस्नियारचे, थोरले भाऊ आणि कुळाचे प्रमुख. त्यांनी पेला बाजूला सारला.

"शेत तुझं आहे?"

"नाही."

"माझं आहे?"

"नाही. रोस्नियारचं आहे."

"तिचंही नाही. तिच्या आईचं होतं, आईच्या आईचं होतं. पुढे तिच्या बहिणीच्या, सानियारच्या पोरींचं होईल. मधल्या माणसांनी भात लावायचा, कापायचा आणि खायचा. गहाण टाकायला कारणं चारच. घरात प्रेत पडलंय आणि मातीला पैसा नाही. उपवर पोरगी घरात बसून आहे. कुळाच्या गादीवर माणूस बसवायचाय. नाहीतर कुळाचं मोठं घर गळतंय. पाचवं कारण वाडवडिलांनी ठेवलं नाही, बाबा."

"म्हणजे ती मेली तर शेत गहाण पडेल," बुस्तामाम म्हणाला, "आणि जगवायची म्हटली तर नाही?"

दुकानातल्या माणसांनी माना खाली घातल्या. दातुकांनी बाजूला सारलेला पेला पुन्हा हातात घेतला. शेवटी रोस्नियार त्यांची धाकटी बहीण होती. तिला खांद्यावर बसवून त्यांनी जत्रा दाखवली होती.

बुस्तामाम जातीचा सुतार नव्हता, पण हात सुताराचा होता. तेवीस-चोवीस वर्षांमागे तो डोंगरापलीकडच्या गावातून लग्न होऊन लुबुक जाम्बूला आला. कपड्यांचं बोचकं आणि हत्यारांची पेटी, एवढंच त्याचं सामान. त्या मुलखात पुरुषाचं असंच असतं. आईचं घर बहिणीला जातं, बायकोचं घर बायकोच्या बहिणींना आणि भाच्यांना. जावई म्हणजे बुडख्यावरची राख, वारा आला की उडाली. बुस्तामामला हे कधी लागलं नव्हतं. रोस्नियारला मूल झालं नाही, तेही त्या दोघांनी एकमेकांना लागू दिलं नाही. तो दुसऱ्यांच्या घरांचे वासे चढवी, ती बांधावर बसून त्याच्या भाताचं केळीचं पान उलगडी, आणि दिवस जात.

डॉक्टरने सांगितल्यापासून त्याने होतं नव्हतं ते विकलं. सायकल गेली, दोन बकऱ्या गेल्या. डोंगर ओलांडून तो बहिणीकडेही जाऊन आला. बहीण रडली, तिने त्याला पोटभर जेवू घातलं, वाटेला तांदूळ बांधून दिले. तिच्याकडेही जमीन होती आणि तिलाही तीच चार कारणं होती.

इकडे रोस्नियारचं रक्त थांबत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. "अहो, आता धावाधाव पुरे," ती म्हणाली. "तुमचे पाय बघा कसे फुटलेत. जरा बसा माझ्याजवळ."

तो बसला. थोड्या वेळाने त्याची नजर वर गेली. छपराच्या आतून काळा काथ्या दिसत होता, वेताने करकचून बांधलेला. जंगली ताडाचा काथ्या. नीट बसवला तर माणसाचं आयुष्य पुरतं. हा त्यानेच बसवला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. एक थेंब आत येत नव्हता.

शुक्रवारी दुपारी गावातले सगळे पुरुष नमाजाला गेले. बुस्तामाम गेला नाही. त्याने शिडी लावली, कोयता आणि पहार घेतली आणि मोठ्या घराच्या छपरावर चढला. दोन्ही बाजूंना म्हशीच्या शिंगांसारखं वर गेलेलं ते छप्पर. मधल्या खोलगट भागात तो बसला आणि त्याने पहिला वेत कापला. स्वतःच्या हाताची गाठ होती, ती सहजी सुटेना. मग त्याने पहार घातली. काथ्याचे थर उचकटून तो खाली फेकू लागला. आभाळ भरून आलेलं होतं. तो घाईने, वेड्यासारखा ओढत होता, आणि ओढताना मोठमोठ्याने रडत होता. ते त्याचं त्याला कळत नव्हतं.

सानियार मागच्या चुलीपाशी होती. रोस्नियारची ही थोरली बहीण, तीन मुलींची आई, नवरा कधीच परमुलखात गेलेला. अंगणात काही धपकन पडलं म्हणून ती बाहेर आली आणि तिने वर पाहिलं.

"अगं बाई! अरे, घर फोडतोय हा! धावा रे! जावई घर फोडतोय!"

पुरुष आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. बुस्तामाम आपणच खाली उतरला. त्याला कुणी मारलं नाही. मारण्यापलीकडचं काहीतरी झालं होतं, आणि जो तो दातुकांच्या तोंडाकडे बघत होता.

माजघरात पाण्याची धार लागली होती. चटया भिजल्या, तांदळाची पेटी दोघांनी उचलून कडेला केली. दातुक धारेपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसले. कुळातली शहाणी माणसं भोवती बसली. बराच वेळ दातुक वर बघत राहिले.

"घर गळतंय," ते शेवटी म्हणाले.

"गळत नाहीये दादा, फोडलंय!" सानियार ओरडली. "सगळ्या गावाने बघितलंय. यांना काय, उद्या उठून चालते होतील. शेत माझ्या पोरींच्या तोंडचं जाणार. जिच्या मागे रडायला पोर नाही तिच्यासाठी माझ्या तिघींनी उपाशी राहायचं? बोला ना, जावईबापू! आता का वाचा बसली?"

"बोलायला तोंड आहे कुठे, अक्का," बुस्तामाम म्हणाला. "तुमचं खरं आहे. पण ती तुमची बहीण आहे."

"मला सांगतोस? तिला अंघोळ मी घालते. तिची रक्ताची फडकी मी धुते." सानियारचा आवाज फुटला. "पण तीन पोरी आहेत रे मला."

दातुकांनी हात वर केला. "घर गळतंय की नाही, एवढंच कुळाला विचारायचं असतं. गळतंय. शेत गहाण पडेल. पण आलेला पैसा छपराला लागेल, दवाखान्याला नाही. रीत ती रीत."

बुस्तामाम पुढे सरकला. "छपराला पैसा लागतो कशाला, दातुक? काथ्याला आणि सुताराला. काथ्या मी जंगलातून आणतो. सुतार मी आहे. एक पै न घेता पहिल्यासारखं छप्पर करून देतो. मग तो पैसा उरला ना?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दातुकांनी सानियारकडे पाहिलं. शेत घरातल्या बायकांचं, तिच्या होकारावाचून काही होणार नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. पाऊस आत पडत होता. आतल्या खोलीतून रोस्नियारच्या कण्हण्याचा आवाज आला.

"ठीक आहे," सानियार म्हणाली. "पण माझीही एक अट आहे. छपराची शेवटची गाठ बसली की याने पायऱ्या उतरायच्या. परत चढायच्या नाहीत. ज्याने आमच्या आईच्या घरावर पहार घातली तो या घरात निजणार नाही."

"कबूल," बुस्तामाम म्हणाला. अट काय आहे ते त्याने नीट ऐकलंही नव्हतं.

बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने शेत गहाण घेतलं. बुस्तामामने फुटलेल्या छपरावर पोती अंथरली आणि रोस्नियारला घेऊन तो बसमध्ये बसला. घाटात दरड कोसळली होती. अलीकडची बस अलीकडे थांबली, पलीकडे दुसरी उभी होती, आणि मधला चिखल माणसांनी पायी तुडवायचा होता. बुस्तामामने बायकोला पाठीवर घेतलं. तिच्या अंगाला वजनच उरलं नव्हतं.

"म्हातारीला कुठे नेताय हो या पावसात?" पलीकडच्या कंडक्टरने विचारलं.

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे, मेल्या?" रोस्नियार पाठीवरून म्हणाली. माणसं हसली. एका बाईने आपली जागा सोडली आणि तिला आडवं होऊ दिलं. बस सुरू झाली तेव्हा बुस्तामामच्या पाठीवरचा सदरा लाल झालेला होता. तो कुणाला दिसू नये म्हणून बुस्तामाम पाठ खिडकीला टेकून बसला.

इस्पितळात त्यांना जागा मिळाली, तीही व्हरांड्यात. गाठ काढली. डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. "काढता आली तेवढी काढली," तो म्हणाला. "आधी आणायला हवं होतं."

"किती आधी?"

डॉक्टरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "आता ते विचारून काय उपयोग, बापू?"

घरी आल्यावर बुस्तामाम जंगलात जाऊ लागला. काथ्याचे भारे आणायचे, झाडायचे, विंचरायचे, वेत भिजत घालायचा आणि मग छपरावर चढायचं. गावातलं कुणी मदतीला आलं नाही. एक-दोनदा मात्र सकाळी शिडीपाशी काथ्याचा भारा ठेवलेला दिसला. कुणी ठेवला ते त्याने विचारलं नाही.

आता त्याला अट समजली होती. एकेक थर चढत होता तसा त्याचा त्या घरातला मुक्काम कमी होत होता. हात आपोआप मंदावत. बांधलेली गाठ सोडून तो पुन्हा बांधत बसे. सानियार खालून बघायची. "मशीद बांधतोयस का रे?" असं एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही.

मग पावसाचा जोर वाढला. पोती भिजून पाणी थेट रोस्नियारच्या खोलीपर्यंत येऊ लागलं. तिला थंडी भरायची, दातावर दात वाजायचे. तो तिच्या अंगावर आपलं सगळं पांघरूण घाली आणि वरून टपकणारं पाणी ओंजळीत धरी. सावकाश काम केलं तर ती गारठून मरेल, आणि घाई केली तर तिला सोडून जावं लागेल. दुसऱ्या दिवसापासून त्याने घाई केली. भर पावसात, बोटं सोलवटेपर्यंत तो गाठी मारत राहिला. छप्पर पुरं झालं तेव्हा माजघर कोरडं ठाक होतं.

दातुक येऊन बघून गेले. बुस्तामामने हत्यारांची पेटी भरली. रोस्नियारला काय सांगायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं.

"पाडांगला एका खुर्च्याटेबलांच्या कारखान्यात काम मिळालंय," तो म्हणाला. "मागे एक खोलीपण देतायत. महिन्या-दोन महिन्यांनी येईन."

"परत येईन म्हणून खोटं नका बोलू," ती म्हणाली. "पोटात गाठ होती, कानांत नव्हती. त्या दिवशी सगळं ऐकलं मी."

तो मान खाली घालून पायऱ्या उतरला. अंगणाच्या टोकाशी गेला तेव्हा मागे खरडल्याचा आवाज आला. रोस्नियार बसल्या बसल्या एकेक पायरी उतरत होती. दोन्ही हात टेकायची, अंग खाली सोडायची, थांबून श्वास घ्यायची. तो धावला.

"काय करतेस? वर जा. घर तुझं आहे. तुला कोण जा म्हणतंय?"

"माझं आहे म्हणूनच मला विचारायचं कारण नाही कुणाला," ती म्हणाली. "उचला मला. बस जाईल."

सानियार दारात उभी होती. तिन्ही मुली तिच्या मागे. "रोस्नी, मूर्खपणा करू नकोस," ती म्हणाली. "तिथे तुला कोण बघणार? परक्या मुलखात मरशील."

"इथेही तेच करणार होते ना, अक्का."

सानियार आत गेली. बस येईपर्यंत ती बाहेर आली नाही. बस सुटता सुटता तिची धाकटी मुलगी धावत आली आणि खिडकीतून एक उशी आत टाकून गेली.

कारखान्यामागची खोली अंधारी होती. दिवसा करवतींचा आवाज, संध्याकाळी बाजारातल्या मासळीचा वास. बुस्तामाम कपाटांची दारं घडवायचा आणि मधल्या सुट्टीत येऊन तिला पेज पाजायचा. दोन महिने ती बरी होती. दारात बसून शेजारणींशी बोलायची, त्यांना गावच्या चटणीची रीत शिकवायची. मग दुखणं परत आलं आणि ती उठेनाशी झाली.

रोज्यांच्या महिन्यात सानियार आली. तळ्यातले सुकवलेले मासे आणि नव्या भाताचे तांदूळ घेऊन एकटीच. बुस्तामामकडे तिने पाहिलं नाही. बहिणीचे केस जटा होऊन डोक्याला चिकटले होते. सानियारने लिंबू कापलं, बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि रस चोळून जटा सोडवायला बसली.

"हे तांदूळ विकतचे," हात थांबू न देता ती त्याला म्हणाली. "शेत अजून परक्याकडेच आहे. पोरी मजुरीला जातात. तुझं माझं भांडण मिटलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मग बघत काय उभा राहिलास? पाणी गरम कर."

त्याने स्टोव्ह पेटवला.

ईद झाली आणि आठवडाभरात रोस्नियार गेली. कुळाच्या दफनभूमीत आईशेजारी तिची जागा होती, म्हणून तिला ट्रकमधून लुबुक जाम्बूला नेलं. बुस्तामाम मागे, तिच्या पायांशी बसून गेला. माती देताना दातुकांनी त्याला पुढे बोलावलं. पण दफन उरकल्यावर सगळे मोठ्या घराच्या पायऱ्या चढले आणि तो अंगणात राहिला. कुणी वर ये म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी तो गेला नसता.

परतीच्या बसची वाट बघत तो रस्त्यावर उभा होता. सानियार केळीच्या पानात भात बांधून घेऊन आली. बस दिसली तेव्हा ती म्हणाली, "कबरीवरची फळी तुझ्या हातची हवी. चांगल्या लाकडाची कर."

"करतो," तो म्हणाला. कंडक्टरने हाक मारली आणि तो भाताचं पान हातात धरून बसमध्ये चढला.