मशीनची परीक्षा

वाराणसीचं बोलावणं आलं त्या दिवसापासून शर्वरी दिवस मोजू लागली. हवाई दलाची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता वाराणसीला सिलेक्शन बोर्डापुढं मुलाखत, आणि तिथं निवड झालीच तर पायलटसाठीची मशीनची परीक्षा. ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक होण्याचं दार कायमचं बंद.

तिच्या घरात हे सगळ्यांनाच पाठ होतं. तिचा मोठा भाऊ आशिष तीन वर्षांपूर्वी त्याच मशीनवर नापास झाला होता. झाशी स्टेशनवर उतरल्यावर तो आईला "नहीं हुआ" एवढंच म्हणाला, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. आता तो झाशीजवळच्या बिजौलीतल्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर होता. ग्वाल्हेरकडून एखादं लढाऊ विमान गडगडत डोक्यावरून गेलं, तर सगळी गल्ली वर बघे. आशिष तेवढा बघत नसे.

म्हणून शर्वरीनं अर्ज त्याच्या अपरोक्ष भरला. आई अंबिका आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये असलेले बाबा, दोघांना ठाऊक होतं. आशिषची मोटरसायकल दारात थांबली की तिघं एकदम भाजीच्या भावाबद्दल बोलू लागत.

एका संध्याकाळी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उभी राहून मुलाखतीची उत्तरं मोठ्यानं म्हणत होती. "मला हवाई दलात का यायचं आहे" हे इंग्रजीत सांगताना तिसऱ्यांदा अडखळली, आणि मागे वळली तर जिन्यात आशिष उभा.

"कधीचं आहे?" त्यानं विचारलं.

"पुढच्या महिन्यात." ती म्हणाली. "दादा, तू गुस्सा झालास?"

"फॉर्म भरलास म्हणून नाही. लपवलंस म्हणून." तो कठड्याला टेकला. "मी काय आजारी आहे का, की माझ्यासमोर सगळ्यांनी हळू बोलायचं?"

तिला रडू आलं. तो मात्र खाली गेला नाही.

"मशीनवर काय चुकलं होतं तुझं?" तिनं शेवटी धीर करून विचारलं.

"तेच तर माहीत नाही मला. ते सांगत नाहीत. पायाखाली दोन पेडल, हातात दांडा, पडद्यावर पळणारा ठिपका, तो मध्यावर धरून ठेवायचा. मध्येच दिवा लागतो, आवाज येतो. एकदा ठिपका सुटला आणि मी त्याच्या मागे धावत राहिलो, एवढं आठवतं. पण त्यानंच नापास झालो का, कुणास ठाऊक. माझं ऐकून तूही त्याच खड्ड्यात पडलीस तर?"

ही भीती तिच्याही मनात होतीच. तरी ती म्हणाली, "तरी शिकव."

रविवारी त्यानं कारखान्यातल्या भंगारातून जोडलेली लोखंडी पेडल आणली. दांडा एका मित्राच्या व्हिडिओ गेमचा, आणि ठिपका घरच्या टीव्हीवर. मग रोज जेवणं झाली की बैठकीत हा खेळ मांडला जाई. शर्वरी पेडल मारी, आई मध्येच पूजेची घंटा वाजवी, बाबा मध्येच "लाल!" म्हणून ओरडत आणि आशिष तिच्या पायांकडे बघत राही. "घाई नको. सुटला तर सुटू दे, परत हळू आण," तो सांगे. तिच्या पोटऱ्या दुखत. कधी सगळं नीट जमे, कधी घंटा वाजली की हात-पाय दोन्ही गोठत. अशा दिवशी आशिषही गप्प होई, आणि त्याचं गप्प होणं तिला जास्त घाबरवी.

वाराणसीला बोर्डानं तिची निवड केली. सोबतच्या बहुतेक मुली निवड न झाल्यानं सामान बांधून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी ती मशीनच्या खुर्चीत बसली. पेडल घरच्यापेक्षा कितीतरी हलकी होती. पहिल्याच दाबाला ठिपका पार कोपऱ्यात गेला. झालं, संपलं, असं तिला वाटलं. मग तिनं पाय सैल सोडला आणि ठिपका बोटाबोटानं मध्ये आणला. तो पुन्हा सुटला, तिनं पुन्हा आणला. बाहेर आली तेव्हा पाठ घामानं भिजली होती आणि आपण पास की नापास, हे तिला अजिबात सांगता आलं नसतं.

निकालात तिचा नंबर पुकारला गेला.

तिनं आधी आशिषला फोन लावला. पलीकडे कारखान्याचा खडखडाट. "दादा, मशीन पास झाले." फोन कटला.

ती व्हरांड्यात तशीच बसून राहिली. आईला फोन करायचंही सुचेना. पास झाल्याचा आनंद कुठेच सापडत नव्हता. दादाला काय वाटलं असेल, हेच डोक्यात फिरत होतं. अजून मेडिकल बाकी होतं, मेरिट लिस्ट बाकी होती, आणि यातलं काहीच आत्ता तिला मोठं वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. आशिषच होता. मागचा खडखडाट आता नव्हता.

"रस्त्यावर आलोय," तो म्हणाला. आवाज बसला होता. "आत काही ऐकू येत नव्हतं, आणि सगळे बघत होते. आता सांग. खुर्चीत बसलीस तिथपासून. काही सोडू नकोस, मला सगळं ऐकायचंय."